‘ते तर झालेलं आहेच’ : घरून काम करणाऱ्यांच्या कौतुकाविषयी एक प्रकरण अभ्यास

एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत, ग्राहकांची बिले तयार करणारी प्रणाली सांभाळणारी १४ जणांची टीम होती. त्यांपैकी ९ जण कार्यालयात बसत आणि ५ जण कायमस्वरूपी घरून काम करत. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे; त्यातील कंपनी आणि माणसे काल्पनिक आहेत. तरीही घरून काम करणाऱ्यांची टीम ज्यांनी एकदा तरी सांभाळली आहे, त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. प्रकरणाच्या केंद्रस्थानी त्या पाचांपैकी एक वरिष्ठ अभियंता आहे. टीममध्ये तिला ६ वर्षे झाली होती, त्यांपैकी शेवटची ३ घरून. तिच्याविषयी कधी तक्रार आली नव्हती, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्याविषयी फारसे बोलणेही होत नव्हते. शेवटच्या वार्षिक मूल्यमापनात ‘विशेष कामगिरी’ या रकान्यासमोर व्यवस्थापकाने दोनच शब्द लिहिले होते : ‘काम समाधानकारक’.

त्या वर्षी तिच्याकडे बिलांचा जुना डेटा नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम होते. हे काम यशस्वी झाले तर कुणाला काही दिसत नाही आणि फसले तर सगळ्यांना दिसते. तिने ते सुमारे दोन महिने तयारी करून, तीन वेळा रंगीत तालीम घेऊन, एका शनिवारी रात्री पार पाडले. पहाटे चारच्या सुमारास तिने या कामाचे तिकीट, म्हणजे टीमच्या संगणकीय यादीतली कामाची नोंद, बंद करताना लिहिले : ‘स्थलांतर पूर्ण. अडचण नाही.’ रविवारी ग्राहकांची बिले नेहमीप्रमाणे निघाली.

त्याच आठवड्यात कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने, लॉगिन बंद पडल्यामुळे झालेला दोन तासांचा खोळंबा निस्तरला होता. त्या दोन तासांत तो फोन कानाला लावून या टेबलावरून त्या टेबलाकडे धावताना सगळ्यांनी पाहिला होता. सोमवारच्या बैठकीत व्यवस्थापकाने त्याला उभे केले, टाळ्या झाल्या, आणि पडद्यावरच्या पाच चौकटींमधूनही टाळ्यांची चिन्हे उमटली. कामांची यादी पुढे सरकत स्थलांतरापाशी आली तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, “ते तर झालेलं आहेच,” आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. या वाक्यात कसलाही दुष्टावा नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते : काम झाले आहे, अडचण नाही, म्हणजे बोलण्यासारखे काही नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीने घरून काम करणाऱ्यांसाठी ‘कौतुक सप्ताह’ जाहीर केला. प्रत्येकाच्या घरी कुरियरने एक खोके जाणार होते. त्यात कंपनीचे बोधचिन्ह असलेला मग, एक डायरी आणि संचालकांच्या छापील सहीचे कार्ड होते. कार्डावरचा मजकूर सगळ्यांना एकच होता : ‘तुमच्या अमूल्य योगदानाबद्दल आभार’. तिचे खोके तिच्या जुन्या पत्त्यावर गेले. घर बदलून तिला आठ महिने झाले होते आणि नवा पत्ता तिने मनुष्यबळ विभागाला मेलने कळवलाही होता, पण भेटवस्तूंची यादी त्याआधीच्या तक्त्यावरून केली होती. खोके परत मिळवण्यासाठी तिला कुरियर कंपनीला तीनदा फोन करावे लागले. सप्ताहाचा शेवट शुक्रवारी कामाचे तास संपल्यानंतरच्या एका ऑनलाइन खेळाने झाला. त्यात कॅमेरा सुरू ठेवणे सक्तीचे होते. पाचांपैकी एक जण दुसऱ्या देशात राहत होता. त्याच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि स्वतःच्या कौतुकासाठी तो जांभया आवरत बसला होता.

पुढच्या महिन्यात तिने दोन ओळींचा राजीनामा पाठवला.

राजीनाम्यानंतरच्या मुलाखतीत मनुष्यबळ अधिकाऱ्याने ठरावीक प्रश्न विचारले : पगार, कामाचा ताण, बढती. पगाराबद्दल तिची तक्रार नव्हती. भेटवस्तूचा विषय निघाल्यावर ती म्हणाली, “मला बक्षीस नको होतं. मी काय केलं, ते टीममध्ये एका तरी माणसाला माहीत असायला हवं होतं.” अधिकाऱ्याने हे वाक्य जसेच्या तसे टिपून व्यवस्थापकाकडे पाठवले. हे त्याचे श्रेय म्हटले पाहिजे, कारण एरवी अशा मुलाखतींचे सार ‘वैयक्तिक कारण’ या दोन शब्दांत आटोपले जाते.

व्यवस्थापकाची पहिली प्रतिक्रिया स्वतःच्या बचावाची होती. “मी तर प्रत्येक मेलला थँक्स लिहितो,” असे तो म्हणाला आणि ते खरेही होते. मग त्याने तिला पाठवलेले सहा महिन्यांचे मेल उघडून पाहिले. ‘थँक्स’ जवळपास प्रत्येकात होते. ते कशाबद्दल, हे सांगणारे दुसरे वाक्य एकाही मेलमध्ये नव्हते. त्यानंतर त्याने त्याच सहा महिन्यांतील सोमवारच्या बैठकांची इतिवृत्ते चाळली. नाव घेऊन केलेल्या कौतुकाच्या २३ नोंदी सापडल्या, त्यांपैकी १९ कार्यालयात बसणाऱ्यांच्या होत्या. टीममधील एक तृतीयांशाहून अधिक माणसे घरून काम करत होती आणि त्यांच्या वाट्याला चार नोंदी आल्या होत्या. त्याला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. २३ पैकी १७ नोंदी बिघाड दुरुस्त केल्याबद्दल होत्या. बिघाड होऊच दिला नाही म्हणून कुणाचे नाव घेतल्याची एकही नोंद नव्हती.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण अशा प्रकरणांची चर्चा सहसा ‘कौतुक कमी पडले, ते वाढवावे’ या निष्कर्षाकडे घसरते. या कंपनीत कौतुक कमी नव्हते. सप्ताह होता, खोके होते, टाळ्यांची चिन्हे होती आणि थँक्सचा तर पाऊस होता. कमी होती ती माहिती. व्यवस्थापकाला स्थलांतराबद्दल कौतुकाचे एक वाक्य बोलायला सांगितले असते तरी त्याला ते बोलता आले नसते, कारण त्यात काय अवघड होते हे त्याला ठाऊकच नव्हते. मराठीत ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणतात, तशी ही गत होती. कार्यालयात ही उणीव झाकली जाते. व्यवस्थापकाला काम कळले नाही तरी काम करणाऱ्याचा थकलेला चेहरा, उशिरापर्यंत जळणारा दिवा, फळ्यावरची आकृती यांतून त्याला काही अंदाज येतो. घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत या खाणाखुणा नसतात. मागे उरते ते तिकीट, आणि जो माणूस जितका निष्णात, तितके त्याचे तिकीट कोरडे.

नुसत्या दिसण्याचा परिणाम किती खोल असतो, यावर किम्बर्ली एल्सबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयोगी पडते. एखादा कर्मचारी ठरलेल्या वेळेत जागेवर दिसला, एवढ्यावरूनच पाहणारे त्याला जबाबदार आणि भरवशाचा ठरवतात. कामाच्या वेळेनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी दिसला तर त्याला कामाला वाहून घेतलेला मानतात. तो तेथे प्रत्यक्षात काय करत आहे, हे माहीत असण्याची गरजच पडत नाही, आणि असा निष्कर्ष आपण काढत आहोत याची जाणीवही पाहणाऱ्याला बहुधा नसते. व्यवस्थापकाने पक्षपात केला नव्हता, असे तो शपथेवर सांगू शकला असता. पण शनिवारी रात्री पहाटे चारपर्यंत जागणारी व्यक्ती कार्यालयात असती आणि सुरक्षारक्षकाने सोमवारी तसे सांगितले असते, तर बैठकीत उभे कुणाला केले गेले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही.

दुसरा पुरावा अधिक व्यावहारिक आहे. सीट्रिप या शांघायमधील पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग झाला. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा त्यावरील शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करण्याची तयारी दाखवणाऱ्यांमधून, जन्मतारीख सम की विषम यावरून, घरी कुणी जायचे ते ठरवले गेले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. हे दोन आकडे सर्वत्र सांगितले जातात. तिसरा निष्कर्ष तितका सांगितला जात नाही : कामगिरी सारखीच असताना घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण मात्र घटले. म्हणजे ज्या कामाची मोजदाद फोनच्या संख्येने अगदी सहज होते, तेथेही डोळ्यांसमोर नसलेला माणूस मागे पडला. आपल्या प्रकरणातील कामाची तर तशी मोजदादही नव्हती. त्यामुळे घरून काम करणाऱ्याचे कौतुक हा केवळ बरे वाटण्याचा विषय राहत नाही. ते कुणाच्या कानावर जाते आणि कुठे लिहिले जाते, यावर त्याचे पुढचे बरेच काही अवलंबून असते.

राजीनाम्यानंतर कंपनीत उपायांची चर्चा सुरू झाली तेव्हा तीन प्रस्ताव पुढे आले. पहिला रोख बक्षिसाचा होता. रोख रक्कम कुणाला नको असते? पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार करावा लागतो. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडी सोडवण्याबद्दल पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांची पैसे बंद होताच कोड्यांतली गोडी ओसरली. तोंडी शाबासकी मिळालेल्यांची तशी ओसरली नाही. सेबास्टियन कुबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. एका जर्मन ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यासाठी तासांवर घेतलेल्यांपैकी काहींना ठरल्या मजुरीपेक्षा ७ युरो जास्त दिले, तर काहींना तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली वेष्टनात गुंडाळून दिली. जास्तीच्या पैशांनी कामात लक्षणीय फरक पडला नाही. बाटलीने काम सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. खरी गंमत पुढे आहे. तीच रक्कम नोटेची घडी घालून तिला आकार देऊन दिली, तेव्हा रोख पैशांचाही बाटलीइतकाच परिणाम झाला. फरक वस्तू की पैसा याचा नव्हता. देणाऱ्याने आपल्यासाठी काही खटपट केली, हे घेणाऱ्याला दिसले की नाही याचा होता. या कसोटीवर जुन्या पत्त्यावर गेलेले खोके फक्त निष्फळ ठरत नाही. ज्या व्यक्तीचे आभार मानायचे ती सध्या राहते कुठे, हेही आपण पाहिले नाही, असा उलटा निरोप ते पोचवते.

दुसरा प्रस्ताव ऑनलाइन हजेरीसाठी मासिक पुरस्काराचा होता. तो लवकर बाजूला पडला हे बरे झाले. टिमोथी गुबलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील औद्योगिक धुलाई केंद्रांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला आहे. तेथे हजेरीच्या पुरस्कारामुळे काही कर्मचारी पुरस्काराला पात्र ठरण्यापुरतेच वेळेवर येऊ लागले, आणि जे मुळातच वेळेवर येत असत त्यांची उत्पादकता घसरली.

तिसरा प्रस्ताव मात्र वरकरणी समंजस होता : काम दिसत नाही हीच अडचण असेल, तर घरच्या संगणकांवर हालचाली टिपणारे सॉफ्टवेअर बसवावे, म्हणजे कोण किती झटतो ते कळेल. व्यवस्थापकाने याला ठाम नकार दिला आणि माझ्या मते या सबंध प्रकरणातला त्याचा हा सर्वांत चांगला निर्णय होता. अशा सॉफ्टवेअरला बोटे दिसतात, काम दिसत नाही. स्थलांतराच्या दोन महिन्यांतला सर्वांत मोलाचा तास कदाचित तिने कळफलकाला हातही न लावता, जुन्या नोंदींकडे टक लावून बघत घालवला असेल.

त्याने प्रत्यक्षात जे केले ते साधे आणि काहीसे कंटाळवाणे होते. दर गुरुवारी अर्धा तास तो त्या आठवड्यात बंद झालेली तिकिटे वाचू लागला, त्यांतले एक निवडून संबंधित व्यक्तीला फोन करू लागला, आणि एकच प्रश्न विचारू लागला : “यात अवघड काय होतं?” सुरुवातीला हे फसले. घरून काम करणाऱ्या एकाने फोन उचलताच विचारले, “काही चुकलं का?” व्यवस्थापकाचा फोन म्हणजे वाईट बातमी, अशीच आजवरची सवय होती. दुसरा एक जण सुरुवातीचे तीन गुरुवार ‘काही विशेष नाही’ एवढेच उत्तर देत राहिला. कार्यालयातल्या दोघांची कुरबुर झाली की आता घरी बसणाऱ्यांचे लाड सुरू झाले. त्यांच्याही तिकिटांविषयी फोन येऊ लागल्यावर ही कुरबुर थांबली.

यासोबत त्याने प्रत्येकाला विचारले की कौतुक झालेच तर ते कसे व्हावे. उत्तरे त्याच्या अपेक्षेपेक्षा फार वेगळी निघाली. ज्याला सोमवारी उभे करून टाळ्या वाजवल्या होत्या, त्यानेच सांगितले की चारचौघांत उभे राहायला त्याला संकोच वाटतो. दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्याला फक्त त्याच्या वेळेनुसार बैठक हवी होती, तेवढे कौतुक पुरेसे होते. आणि एकीने अगदी रोखठोक सांगितले, “मला सांगू नका, साहेबांना मेल करा आणि मला कॉपीत ठेवा. अप्रेझल तेच करतात.” हे ऐकून काहींना व्यवहारीपणाचा वास येईल. सीट्रिपचा तिसरा निष्कर्ष लक्षात ठेवला तर तो वास येणार नाही.

राजीनामा देणारी अभियंता थांबली नाही. नोटीस पिरियडच्या दुसऱ्या आठवड्यात व्यवस्थापकाने तिला विनंती केली, “स्थलांतर कसं केलंत ते टीमला समजावून सांगाल का?” तिने ४१ पायऱ्यांचा तक्ता पडद्यावर उघडला. सत्ताविसाव्या पायरीवर लाल रंगात फक्त ‘तारीख तपासणे’ असे लिहिले होते. ती का घातली, असे एका नवख्या मुलाने विचारले तेव्हा कळले की दुसऱ्या रंगीत तालमीत तिला काही जुनी बिले खटकली होती. जुन्या प्रणालीत काही नोंदी आधी दिवस आणि मग महिना अशा होत्या, तर काही आधी महिना आणि मग दिवस अशा. नव्या सर्व्हरवर ५ मार्चची थकबाकी ३ मेची होत होती. तारीख १२ च्या आत असली की ही उलटापालट कुणाच्या ध्यानात येत नाही. २५ तारीख असती तर प्रणालीनेच चूक दाखवली असती, कारण पंचविसावा महिना नसतो. ही बिले तशीच गेली असती तर विलंब शुल्काची आकारणी चुकीची झाली असती, आणि मग कार्यालयात बऱ्याच जणांना फोन कानाला लावून धावावे लागले असते. तिने त्या नोंदी शोधून काढण्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला, तिसरी तालीम घेतली, आणि मग शनिवारी रात्री काम केले. तिकिटावर यातले काहीच नव्हते. का लिहिले नाही, या प्रश्नावर ती म्हणाली, “अडचण आलीच नाही ना. काय लिहिणार?”

यात तिचीही थोडी बाजू तपासायला हवी. घरून काम करणाऱ्याने आपल्या कामाची दोन ओळींची हकिकत लिहावी, अशी अपेक्षा गैर नाही. पण जेथे ‘अडचण आली’ एवढेच ऐकून घेण्याची रीत आहे, तेथे न आलेल्या अडचणीची हकिकत कुणी लिहीत नाही, आणि ही रीत तिने पाडलेली नव्हती. तिकिटाच्या नमुन्यात त्यानंतर एक रकाना वाढवण्यात आला : ‘काय टळले?’ तो भरणे ऐच्छिक आहे, आणि निम्म्याहून अधिक वेळा तो रिकामा असतो.

त्या बैठकीनंतर व्यवस्थापकाने तिला पत्र लिहायला घेतले आणि दोन दिवस ते तसेच ठेवले. इतक्या उशिरा लिहिणे ओशाळवाणे दिसेल, असे त्याला वाटत होते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले आहे की आभाराचे पत्र लिहिणारे वाचणाऱ्याला वाटणाऱ्या अवघडलेपणाचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्त करतात आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज कमी. शेवटी त्याने ते पाठवले, संचालकांना कॉपीत ठेवून. त्यात ‘अमूल्य योगदान’ नव्हते; सत्ताविसावी पायरी होती, ५ मार्च आणि ३ मे होते, आणि त्या सोमवारच्या ‘झालेलं आहेच’बद्दल एका वाक्यात माफी होती. तिचे उत्तर छोटे होते. तक्त्याची अद्ययावत प्रत तिने सोबत जोडली होती आणि सत्ताविसावी पायरी पुढच्या वेळी पहिल्या तालमीतच घ्यावी, असे सुचवले होते.

ठरल्या तारखेला ती गेली. दोन महिन्यांनी तिच्या नव्या कंपनीकडून शिफारशीचा अर्ज व्यवस्थापकाकडे आला. त्यातही ‘विशेष कामगिरी’ असा रकाना होता, तीन ओळींचा. या वेळी त्याला मजकूर पुरला नाही आणि त्याने एक पान वेगळे जोडले.